कंडक्टरबाईंचं पथ्य

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, यकृतात गाठ आहे. बाईंनी पोटावरची जेली पुसली, पदर सारखा केला आणि विचारलं, "केवढी?" डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही बाहेर आलो, रिक्षा केली आणि घरी आलो. तो गुरुवार होता.

लातुरात मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. अजूनही राहतो. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. बाई एसटीतून निवृत्त झालेल्या. नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं, नोकरीची बहुतेक वर्षं लातूर–नांदेड रस्त्यावर गेली. गल्ली त्यांना कंडक्टरबाई म्हणायची. मी नुसतं बाई म्हणायचो.

खोली मागायला गेलो तेव्हा मी माझी ओळख सांगायला सुरुवात केली. गाव कोणतं, शिक्षण कुठं झालं, आधी कुठं राहत होतो, तिथून का निघालो. त्या दाराच्या चौकटीला पाठ लावून, पाय फाकवून उभ्या होत्या. बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, तुम्हाला कुठं उतरायचं हाय तेवढं सांगा."

"खोली पाहिजे होती."

"मंग चढा की वर. जिना तिकडं हाय."

पाय फाकवून उभं राहणं ही त्यांची कायमची बैठक होती. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, भांडण तर उभ्यानंच. जमीन हलत नाही यावर त्यांचा विश्वास नव्हता. मला खाली बोलवायचं असलं की किल्लीनं जिन्याच्या कठड्यावर एक ठोका द्यायच्या, आणि बोलणं संपलं की दोन. दोन ठोके पडले की आपण निघायचं, वाक्य अर्धं राहिलं तरी.

अंगानं त्या चांगल्या भरलेल्या होत्या आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "बाजाराच्या दिवशी अहमदपूरला गाडी अशी भरते की मुंगी शिरत न्हाई," त्या सांगायच्या. "काडीवानी बाईनं तिकीट फाडून दाखवावं! हे अंग कमावलेलं हाय सर. मी वळले की आपोआप वाट व्हायची." कमाई कशी झाली तेही सांगायच्या. प्रत्येक स्टँडवर भजी, प्रत्येक स्टँडवर चहा आणि चहात साखर अशी की चमचा उभा राहावा. साखरेचा आजार मागून आला. लिव्हरवर चरबी आहे असं डॉक्टर कैक वर्षं सांगत होते. बाईंच्या डेपोत ते जवळजवळ सगळ्यांनाच सांगितलेलं होतं, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नसे. दारूचा तर त्यांना वाससुद्धा सहन व्हायचा नाही. आजार कळल्यावर समोरच्या काकूंनी हळूच विचारलं, "बाई, ड्युटीवर कधी घेत होता का हो थोडी?" बाई म्हणाल्या, "हाव. चहा. दणकून."

त्यांच्या नोकरीतला एक किस्सा गल्लीत सगळ्यांना पाठ होता. बायकांच्या राखीव सीटवर कुणा पुढाऱ्याचा पाहुणा बसला होता. पोटुशी बाई शेजारी उभी, आणि हा उठेना. "मी कोण हाय माहीत हाय का?" म्हणाला. बाईंनी बेल मारून गाडी थांबवली, डबा घेऊन खाली उतरल्या आणि रस्त्याकडेच्या बाभळीखाली जेवायला बसल्या. ड्रायव्हरनं हॉर्न दिले, लोक ओरडले. बाई भाकरीवर ठेचा लावत होत्या. "गाडी सरकारची असंल, बेल माझी हाय. मी देत न्हाई." शेवटी अख्ख्या गाडीनंच त्या पाहुण्याला उठवलं. बाईंनी आधी डबा संपवला, चूळ भरली, मग चढल्या.

हे मी इतकं सांगतो ते यासाठी, की पुढं त्या ज्या रीतीनं वागल्या त्यात त्यांचं नवं काही नव्हतं.

ऑपरेशन हैदराबादला झालं. यकृताचा एक भाग गाठीसकट काढला. घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. सोबत बाईंचे थोरले भाऊ, आण्णा, होते. निलंग्याजवळ त्यांची थोडी शेती आहे, ऊस असतो. डॉक्टर तिथल्या हिंदीत बोलत होते आणि ती हिंदी आम्हाला घरच्यासारखी होती.

"गाठ निकाल दी, अम्मा. पर जो लिव्हर बचा है वो भी चर्बीवालाच है. फसल काटी, जमीन तो वहीच है."

"याने फिर उगती?"

"उग सकती. इसलिए वजन कम करना, शक्कर काबू में रखना, चलना. भूके नक्को रहना, दाल-अंडा बराबर खाना. और टाइम पे स्कॅन."

"और कम किया तो नहीं उगेगी?"

"ऐसा वादा मैं नहीं देता, अम्मा. पर जमीन सुधरेगी."

परतीच्या गाडीत बीदर मागे पडल्यावर बाई म्हणाल्या, "सर, जमीनच पालटायची." पुढच्या सीटवरून आण्णा म्हणाले, "तू आधी खाऊन पिऊन अंगात रक्त भर. मंग काय पालटायचं ते पालट."

ती दोन वाक्यं पुढची सगळी वर्षं एकमेकांशी भांडत राहिली.

आमच्याकडे आजारी माणसाला बघायला रिकाम्या हातानं जात नाहीत. गल्लीनं बाईंना बघायला यायला सुरुवात केली, आणि घर भरलं. अर्धापूरची केळी, साजूक तुपातला शिरा, डिंकाचे लाडू, खीर. प्रत्येकजण समोर बसून "एवढं खा, माझ्यासमोर खा" म्हणायचा. आणि लिव्हरचा आजार म्हटल्यावर तर सगळ्यांचं एकच औषध ठरलेलं होतं, उसाचा रस. काविळीला रस देतात, कावीळ लिव्हरची, म्हणून लिव्हरच्या कुठल्याही दुखण्याला रस. माझी आईसुद्धा हेच म्हणाली असती. साखरेचा आजार असलेल्या, यकृतात चरबी साठलेल्या माणसाला तो पेला काय करील, हे कुणाच्या मनात येत नव्हतं. रस गोड असतो, रानातला असतो, त्यात वाईट काय असणार?

आण्णा दर आठवड्याला निलंग्याहून एसटीनं यायचे. खांद्यावर उसाची मोळी. कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडून स्वतः उभं राहून रस काढून घ्यायचे, बर्फ न घालता, आलं-लिंबू लावून, आणि तांब्या झाकून आणायचे. सत्तरीचा माणूस, धोतराच्या सोग्यानं घाम पुसत यायचा. पहिल्या वेळी मी तिथंच होतो.

"घे. बापाच्या रानातला हाय."

"ठेव तिथं."

"ठेव न्हाई. घे. रस काढला की लगेच प्यावा लागतो."

बाई उठल्या, कपाटातून पेला काढला, रस ओतला आणि आण्णांच्या हातात दिला. "तू पी. उन्हातून आलास."

"मी तुझ्यासाठी आणलाय."

"मी बघते की तुला पिताना. मला तेवढंच झेपतंय."

"माहेरचा रस नको म्हणायलीस तू?"

"माहेर नको म्हणत न्हाई मी. साखर नको म्हणायले. बापाच्या रानातला ऊस हाय हे गाठीला कळतंय का आण्णा?"

आण्णांनी पेला ओट्यावर ठेवला आणि चपला घातल्या. "आईनं तुला असं शिकवलं न्हाई," म्हणाले आणि स्टँडकडे निघाले. पुढच्या आठवड्यात पुन्हा मोळी घेऊन आले. बाईंनी पुन्हा पेला त्यांच्याच हातात दिला. असं चालू राहिलं. शेवटी तो रस मीच प्यायचो. बाई म्हणायच्या, "सर, तुमचं लिव्हर माझ्या नावावर चाललंय, सांभाळा."

चालायला त्यांनी महिन्याभरातच सुरुवात केली. पण नुसतं चालणं त्यांना जमत नव्हतं. "कुठं चाललाव ते ठाव नसलं तर पाय उचलत न्हाई." मग त्यांनी आमच्या भागातल्या रस्त्यावर आपला जुना मार्ग बसवला. दूध डेअरी म्हणजे चाकूर. पाण्याची टाकी म्हणजे अहमदपूर. शाळेचं फाटक म्हणजे लोहा. आणि पार पलीकडे, रेल्वे रुळाच्या अलीकडचं वडाचं झाड, ते नांदेड. पहिल्या दिवशी त्या चाकूरलाही पोचल्या नाहीत. टाके ओढत होते, डेअरीच्या अलीकडेच एका दगडावर बसल्या. मी रिक्षा बोलवू का विचारलं. म्हणाल्या, "गाडी बंद पडली म्हणून डेपो बंद करत नसत्यात."

पावसाळ्याच्या सुमारास त्या अहमदपूर करून यायला लागल्या. दिवाळीनंतर एकदा दारातूनच ओरडल्या, "नांदेडला जाऊन आले ओ सर! रिटर्न!" त्या दिवसानंतर सकाळी गल्लीतली माणसं एकमेकांना विचारायची, आज बाई कुठवर? पोरंसोरं मागून "लोहा, लोहा" करत पळायची.

घरातला स्वयंपाकही त्यांनी पालटला. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, उकडलेली अंडी, ताक. चहातली साखर गेली तेव्हा त्यांचा चेहरा बरेच दिवस बघवत नव्हता. पहिला बिनसाखरेचा घोट घेऊन म्हणाल्या, "मयताला आल्यावानी वाटायलंय." पण पुन्हा साखरेला हात लावला नाही. घरातला डबाच काकूंना देऊन टाकला.

एका लग्नाची गोष्ट सांगतो. मंगल कार्यालयात पंगत बसली होती. बाई माझ्या शेजारी. नवरीचे मामा जिलबी घेऊन आग्रह करत आले. आग्रह म्हणजे कसा, तर समोरचा 'नको' म्हणेल तेवढं वाढायचं. बाईंनी ताटावर हात आडवा धरला. मामांनी हसत हसत त्या हातावरच जिलबी ठेवली. सगळी पंगत हसली. बाई उठल्या, ती पाक गळणारी जिलबी दोन बोटांत धरली आणि मामांच्या तोंडात घातली. मामांच्या दोन्ही हातांत परात. त्यांना ना थुंकता येईना, ना बोलता येईना. बाईंनी हात धुतले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आता मला जो जो आग्रह करंल, त्याला मी भरवणार." त्या तालुक्यात पुन्हा कुणी त्यांना गोडाचा आग्रह केला नाही.

वजन उतरत गेलं. तपासण्या चांगल्या येत होत्या, साखर ताब्यात आली होती. डॉक्टर स्कॅन बघून म्हणाले होते की यकृतातली चरबी बरीच कमी झाली आहे. बाई खूश होत्या. पण गल्लीला ते दिसत नव्हतं. गल्लीला दिसत होता त्यांचा चेहरा, गळ्याची हाडं, ढगळ झालेली पोलकी. आमच्याकडे माणूस बरा झाला हे अंगावर मांस आल्यावरच कळतं. "लईच खंगल्या हो," लोक मला बाजूला घेऊन सांगायचे. "उपाशी मारायल्यात स्वतःला. तुम्ही शिकलेले हाव, तुम्ही तरी सांगा." एकदा काकू बाईंसमोरच रडल्या. बाईंनी कपाट उघडलं, जुनं पोलकं काढलं आणि म्हणाल्या, "घ्या. ह्यात तुम्ही आणि तुमची सून, दोघी बसताव. रडायचं कामून?"

दोन वर्षं स्कॅन स्वच्छ आला. मग एका स्कॅनमध्ये ठिपका दिसला. लहान होता, पण डॉक्टरांना शंका नव्हती.

हैदराबादला त्याच खोलीत आम्ही तिघं पुन्हा बसलो. मी बाईंना घाबरलेलं पाहिलं ते त्या एका दिवशी. खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर होते, आणि आवाज खालचा होता.

"साब, मेरी गलती कहां हुई?"

"आपकी कुछ गलती नहीं, अम्मा."

"सब छोड़ी. चाय की शक्कर भी छोड़ी."

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. "सुनो. ये बीमारी ऐसीच है, परहेज करके भी आ सकती. पर टाइम पे आए तो छोटी मिली. और लिव्हर पहले से अच्छा है, तो इस बार काटना नहीं पड़ता. सुई डाल के जला देते. लिव्हर पहले जैसा रहता तो मैं हाथ लगाने से पहले सोचता. ये आपने कमाया."

बाई आण्णांकडे वळल्या. "ऐकलास?"

आण्णांनी मान हलवली, पण त्यांनी काय ऐकलं ते मला तेव्हाही कळलं नाही.

सुईचा उपचार झाला आणि आम्ही परत आलो. लातुरात बातमी आमच्या आधी पोचली होती, आणि निकालही लागला होता. उपाशी राहून अंगातली ताकद गेली, म्हणून आजार परत आला. रस नको म्हणाल्या, भोगा आता. कुणाच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. हळहळ होती. बाईंना ती हळहळच खुपत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कठड्यावर एक ठोका दिला. मी खाली आलो. "सर, उभे राहा माझ्या बाजूला. काही बोलू नका." मग ओट्यावर उभ्या राहून त्यांनी गाडीतल्या आवाजात हाक दिली. "ओ, चला! सगळे चला इकडं! काकू, गॅस बंद करा आणि या!"

लोक जमले. आण्णा आत पलंगावर बसलेले होते. बाई म्हणाल्या:

"गाठ परत आली होती. जाळून आले. पुन्हा येईल का? येईल. डॉक्टरनं लपवलं न्हाई, मी लपवत न्हाई. पण ती माझ्या भाकरीनं आली न्हाई आणि माझ्या चालण्यानं आली न्हाई. मी लिव्हर नीट केलं म्हणून ह्या खेपेला पोट फाडावं लागलं न्हाई. हे ज्याला पटत न्हाई त्यानं माझ्या तोंडावर बोलावं. सरांना कोपऱ्यात घेऊन बोलू नका, ते गरीब हायत. आणि मला बघायला यायचं तर या, चहा देते. बिनसाखरेचा."

मागून एक म्हातारा म्हणाला, "बाई, बिनसाखरेचा असंल तर आम्ही लांबूनच बघताव." हशा पिकला. बाईही हसल्या आणि चालायला निघाल्या. त्या दिवशी टाकीपर्यंत गेल्या.

त्या उपचारानंतर मिळालेला काळ त्यांनी पुरता वापरला. मुखेडला मैत्रिणीकडे राहून आल्या. उदगीरला जाऊन नात्यातलं एक जुनं भांडण उकरून पुन्हा भांडून आल्या, आणि परत आल्यावर कानडीत कुणाला काय काय म्हणाल्या ते मला अर्थासकट ऐकवलं. भिंतींना हिरवा रंग दिला, मला न विचारता माझ्या खोलीलाही. पथ्य मोडलं नाही.

मग गाठी एकीच्या जागी अनेक दिसल्या. गोळ्या सुरू झाल्या, त्या काही महिने चालल्या. शेवटी डॉक्टर आण्णांना बाहेर घेऊन म्हणाले, आता अम्माला जे आवडेल ते खाऊ द्या. आण्णांनी ते घरी येऊन सांगितलं आणि त्यांचा चेहरा उजळला होता. इतक्या वर्षांत डॉक्टर पहिल्यांदा त्यांच्या बाजूनं बोलले होते.

दुसऱ्याच दिवशी ते निलंग्याहून मोळी घेऊन आले. बाई आता उशीला टेकून असायच्या. पायांवर सूज होती, डोळे पिवळे होते. आण्णांनी रस पेल्यात ओतला, पण पुढं करायचं धाडस होईना. पेला घेऊन तसेच उभे राहिले.

बाईंनी हात पुढं केला. "दे."

आण्णा माझ्याकडे बघायला लागले.

"त्यांच्याकडं काय बघायलास? दे इकडं. पण ऐक. औषध म्हणून पीत न्हाई मी. ऊस म्हणून पिते."

"हाव."

"काय म्हणून?"

"ऊस म्हणून," आण्णा म्हणाले.

बाईंनी तीन-चार घोट घेतले. जास्त जाईना. ओठ पुसून म्हणाल्या, "गोड हाय. खताचा न्हाई वाटत." आण्णा म्हणाले, "शेणखत घातलंय." मग दोघं बहीणभाऊ रानाबद्दल बोलत बसले. पाणी किती आहे, तोडणी कधी, बांधावरचं चिंचेचं झाड अजून आहे का. मी माडीवर निघून आलो.

त्या गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली सभेला माणसं खूप होती. त्रिशरण-पंचशील झालं, मग एकेकजण बोलायला उठला. एसटीतली माणसं बाभळीखालचा डबा सांगत होती. शेवटी आण्णांच्या गावचे एक गृहस्थ म्हणाले, बाई मोठी खमकी, पण हट्टी. खाण्यापिण्याला नको म्हणत गेली आणि हातानं आयुष्य घालवून बसली. तरण्या मुलींनी यातून शिकावं.

मी वर्गाबाहेर बोलत नाही. भाषणं मला येत नाहीत. त्या दिवशी उठलो आणि म्हणालो की हे खरं नाही. बाई पथ्यानं गेल्या नाहीत, कॅन्सरनं गेल्या. पथ्यानं त्यांचं यकृत सुधारलं, आणि ते सुधारलं म्हणून गाठ परत आल्यावर उपचार करता आला. शेवटची जी वर्षं त्या चालल्या, भांडल्या, भिंती रंगवल्या, त्यांतली बरीचशी त्यांची स्वतःची कमाई होती. ती त्यांच्याकडून कुणी काढून घेऊ नये. एवढं बोलून मी खाली बसलो. आण्णा समोर बुद्धमूर्तीकडे बघत होते, त्यांनी मान वळवली नाही.

आता घर आण्णांचं आहे. खालच्या मजल्याला कुलूप असतं. महिन्यातून एकदा ते येतात, घर झाडून घेतात, आणि ओट्यावर बसून मला म्हणतात, "रस वेळेवर पिली असती तर माझी बहीण आज असती सर." मी म्हणतो, नाही आण्णा. ते म्हणतात, असती. मी म्हणतो, नाही. अजून आमच्यापैकी कुणी माघार घेतलेली नाही.